उंबऱ्यावरचं नाव

डॉक्टर म्हणाले, "दुसरा डोळा मिटायचा नाही. दोन्ही उघडे ठेवायचे आणि एकानंच बघायचं." मला ते कधीच जमलं नाही. दोन्ही डोळे उघडे असले की मला दोन्हीकडचं दिसतं. काचेखालचं रक्त दिसतं आणि टेबलाचा कोपरा, त्यावरचा ओला कापूस, बाजूला उभ्या असलेल्या मेट्रनबाईंच्या पातळाचा काठही दिसतो. तरी मी मान खाली घालून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आदल्या दिवशी आमच्या नर्सिंगच्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या बोटांना सुई टोचून थेंब घेतले होते. दोन काचांमध्ये थेंब धरायचा, कडा व्हॅसलीननं बंद करायच्या, आत हवा जाऊ द्यायची नाही आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. इतर मुलींच्या काचांत गोल तांबूस चकत्या होत्या, भिंतीवरच्या तक्त्यात असतात तशा. माझ्या काचेतल्या कितीतरी चकत्या वाकल्या होत्या. दोन्हीकडं टोकं आणि मधे बाक. "काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, "विळे." ते एकदम खूश झाले. म्हणाले, "अगदी बरोबर! सगळ्या जगात याला हेच नाव आहे." मग त्यांनी एकेकीला बोलावून माझं रक्त दाखवलं. मुली रांगेनं आल्या, वाकल्या, बघून गेल्या आणि जाताना माझ्याकडंही बघून गेल्या. तोवर त्या मला, कातकऱ्याची पोर म्हणून, एकच प्रश्न विचारायच्या: तुमच्यात उंदीर खातात ना गं? आता माझ्यात बघण्यासारखी आणखी एक गोष्ट झाली.

डॉक्टर माणूस भला. मुली गेल्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. म्हणाले, रक्ताचा एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. तुझा एक वाटा असा वाकणारा आहे, दुसरा चांगला आहे. चांगला वाटा सांभाळून घेतो, म्हणून तुला काही झालेलं नाही आणि होणारही नाही. पण ज्या मुलाला दोन्हीकडून हाच वाटा मिळतो, त्याचं रक्त अंगातच वाकतं, बारीक शिरांत अडकून बसतं. मग हाडं दुखतात, सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात, अगदी तान्हेपणी हातापायांची बोटं सुजतात. थंडीनं वाढतं, दमल्यानं वाढतं, पाणी कमी पडलं की वाढतं. काही दिवस छळतं, आपोआप ओसरतं आणि पुन्हा येतं. "तुमच्या घरी असं कुणाला होतं का?" त्यांनी विचारलं. पेन्सिल हातात होती त्यांच्या. मी म्हणाले, "नाही. आमची सगळी धडधाकट आहेत." का म्हणाले कोण जाणे. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मीच चमकले. उठता उठता मी उगीच विचारल्यासारखं विचारलं, "यावर औषध काय?" ते म्हणाले, "अजून काही नाही. ऊब द्यायची, पाणी भरपूर पाजायचं, पडून राहू द्यायचं." तेवढं मी घोकत घोकत बाहेर आले.

खोटं बोलले, कारण मंगळ्याला मला दोन काचांमध्ये ठेवायचं नव्हतं. मंगळ्या माझ्या पाठचा भाऊ. रांगत होता तेव्हा त्याची हातापायांची बोटं सुजून टम्म झाली, आणि वाडीतल्या बाया कौतुकानं म्हणाल्या, पोर अंग धरतंय. आईलाही बरं वाटलं होतं. आमच्या वाडीत अंग धरलेलं पोर कुठं बघायला मिळतं! पुढं दर थंडीत त्याचे पाय धरायचे. तो रडायचा नाही. दात आवळून घशातल्या घशात एक सूर धरायचा, लांब, न तुटणारा, आणि तो सूर झोपडीच्या कारवीच्या भिंतीतून बाहेर जाऊन सगळ्या वाडीला ऐकू यायचा. रत्नाकाकी, म्हणजे माझ्या मेलेल्या काकाची बायको, त्याचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसायची. तिला मूलबाळ नव्हतं, आमच्यातच राहायची. तिच्या हातानं त्याला उतार पडायचा, निदान सूर खाली यायचा. एका थंडीत तो सूर थांबला तेव्हाही त्याचे पाय तिच्याच मांडीवर होते. तेव्हापासून वाडीतल्या बाया आपली पोरं तिच्या हाती देईनाशा झाल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. माझा बाप, कान्हू, तेवढा म्हणायचा, की उगा कुणाला नावं ठेवू नगासा. तोही पुढं कोळशाच्या भट्टीवर तापानं गेला.

पानशेतचा पूर येऊन गेल्यानंतरचा तो हिवाळा. आमचं वसतिगृह नदीकाठच्या बाजूला होतं आणि खालच्या खोल्यांच्या भिंतींवर पुराच्या गाळाची रेघ अजून तशीच होती. दोनदा चुना लावला तरी ती वर येत होती. त्या रेघेखाली आमच्या खाटा. मी डोळे मिटले की विळे दिसायचे, आणि उघडले की ती रेघ. वॉर्डात मुलं कण्हत असायची त्याचं काही वाटायचं नाही, तो कामाचा भाग होता. पण नळ सोडला की पाइपातून एक लांब सूर निघायचा आणि हातातलं भांडं तसंच राहायचं. मेट्रनबाई म्हणायच्या, गंगू, तुझं चित्त कुठं आहे? माझं चित्त पौडच्या पलीकडं, आश्रमशाळेत होतं. तिथं फुला होती, माझी धाकटी बहीण. तिचीही बोटं लहानपणी सुजली होती. तिचेही डोळे कधी कधी हळदीचा हात लागल्यासारखे दिसायचे. तिला त्या शाळेत मीच घातलं होतं, आईशी भांडून. मी तिथून सातवी पास होऊन बाहेर पडले आणि फुला माझ्याहून कितीतरी हुशार आहे. धडा एकदा वाचला की तो तिला डोळे मिटून म्हणता येतो. मला सगळं कळलेलं होतं. नुसतं तिच्या नावापाशी नेऊन ठेवायचं बाकी होतं. ते मी आठवडाभर केलं नाही. रविवारची सुटी मिळाली तशी मेट्रनबाईंना आई आजारी आहे असं सांगून आणखी चार दिवस पदरात पाडून घेतले आणि मोटार धरली. आता मला खोटं बोलायची सवयच लागली होती.

पिरंगुटला मोटार चहासाठी थांबली तेव्हा मी उतरले नाही. खिडकीतून हात बाहेर काढून बघितला. हवा कोरडी आणि बोचरी होती. आश्रमशाळेत पोचले तेव्हा पोरं आवार शेणानं सारवत होती. कोंडाजी गुरुजी खुर्ची उन्हात टाकून बसले होते. हे मुळशीतल्याच एका शेतकरी घरातले. मला त्यांनीच शिकवलं, मारलंही त्यांनीच, आणि सातवीच्या परीक्षेला स्वतःच्या सायकलवर बसवून नेलं तेही त्यांनीच. मला बघून आनंदले. म्हणाले, "आगं, नर्सबाई आल्या की! तुझी भन न्हाई हितं. तुझ्या आयनं नेली तिला. एवढी घोडी, पण पाठुंगळी घिऊन गेली." मी विचारलं, काय झालं होतं? "काय व्हायचंय? थंडी पडली की तुमच्या पोरांना घर आठवतं. पहाटं कवायतीला हुबी केली की गुडघं धरून खाली बसती. हुशार हाय, पन अंगचोर." मला ती पहाट आठवली. ओढ्याच्या पाण्यानं अंघोळ, ओल्या केसांनी कवायत, आणि रांगेत कुणीतरी हळूच खाली बसलेलं. माझ्या वर्गात एक ठाकराची मुलगी होती, तिला आम्ही म्हातारी म्हणायचो, कारण ती थंडीत वाकून चालायची. आम्ही तिच्या मागून तसंच वाकून चालायचो आणि हसायचो. ती एका सुटीत घरी गेली ती परत आली नाही. तिचं पुढं काय झालं, हे आजवर माझ्या मनातच आलं नव्हतं. मी म्हणाले, "गुरुजी, हे ढोंग नाही. हे रक्ताचं दुखणं आहे. जन्मापासून असतं." गुरुजींनी मान हलवली. सहानुभूतीनंच हलवली. म्हणाले, "मूळचंच हाय म्हन की. मला वाटतच हुतं. रगातच तसलं तुमचं, त्याला पोरं तरी काय करनार?" आणि त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलाही. खरी गोष्ट सांगितली की ती ऐकणाऱ्याच्या घरात जाऊन त्याच्याच चुलीवर शिजते, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर चढत गेलं की आमची वाडी लागते. वाडी म्हणजे मालकाच्या रानातल्या काही झोपड्या. मालकानं उठा म्हटलं की उठायच्या. झोपडीत शिरले तेव्हा फुला गोणपाटावर आडवी होती आणि तिचे पाय रत्नाकाकीच्या मांडीवर होते. फुलाच्या घशातून तोच सूर येत होता. मला बघून तिनं तो थांबवला, हसायचा प्रयत्न केला, म्हणाली, "बाय आली," आणि सूर पुन्हा धरला. आमच्यात मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. मी तिच्या अंगावर माझी शाल घातली, आईच्या खांद्यावरून घ्यायच्या फडक्या घातल्या, पाणी कोमट करून घोट घोट पाजलं. ओठ कोरडे पडले होते. दुखण्यात पाणी पाजायचं नाही, असं आमच्याकडं मानतात. काकी पाय चेपतच राहिली. कोपऱ्यात तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं. मी विचारलं, "काकी, हे काय?" ती म्हणाली, "उद्या लागंल मला ते."

आई बाहेर लाकडं फोडत होती. आमची घरची बोली वेगळी आहे. ती लिहायला अक्षरं पुरतील, पण मला धीर पुरत नाही; म्हणून आईचं बोलणं मी गावातल्या मराठीत लिहिते, क्षमा असावी. आई म्हणाली, "धाकलूनं सूप बघितलं. घरातलंच हाय म्हनला." धाकलू आमचा भगत. आमच्या वाडीची एक रीत आहे, दुसऱ्या वाड्यांत ती मी ऐकली नाही. भगत कधी कुणाचं नाव सांगत नाही. सुपात तांदूळ टाकतो, त्यांच्याकडं बघतो, दुखणं घरातलं की बाहेरचं एवढं सांगतो आणि उठून जातो. नाव घ्यायचं ते आजाऱ्याच्या आईनं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की उंबऱ्यात उभं राहून, सगळ्या वाडीसमोर, एकदाच. जिचं नाव आई घेईल ती भुताळी, म्हणजे पोर खाणारी. तिनं त्याच पावली वाडी सोडायची. आईनं नाव घेतलंच नाही तर पोर जातं, आणि खोटं घेतलं तरी पोर जातं. म्हणून आईच्या तोंडून निघालेल्या नावावर कुणी शंका घेत नाही. आमच्या घरात बायका तीनच. आई, काकी, आणि दुखणाईत फुला. मी पुण्याची, मला कुणी धरलंच नसतं. तेव्हा नाव कुणाचं, हे वाडीला विचारायची गरजच नव्हती. काकीनं गाठोडं बांधून ठेवलं होतं ते त्यामुळंच. आणि या वयात, या थंडीत, भुताळी म्हणून हाकललेली बाई कुठं जाते, हे मला माहीत होतं. एकीला मी पौडच्या बाजारात पाहिली होती. पोरं तिला दगड मारत होती आणि ती ते दगड चुकवतही नव्हती.

आईबरोबर पाण्याला गेले. झऱ्याच्या खाचेत पाणी साठायला वेळ लागतो, तेवढ्यात बोलायचं ठरवलं. पण आईच बोलली. "गंगे, तू शिकलीस. दवाखान्यात ऱ्हातीस. तू सांग, कुनाचं हाय हे?" ती तुंबलेली होती. म्हणाली, "रत्ना माज्या भनीवानी हाय. पन मंगळ्याच्या येळंला तीच हुती आन आताबी तीच हाय. ती गुडगा चेपती तर दुकनं छातीत जातं. मी काय समजू?" मी म्हणाले, "आये, काकीचं काही नाही. दुखणं सरकतं ते रक्त सरकतं म्हणून." आणि मग मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसंच. पण रक्ताच्या पेशी कशा सांगायच्या? मी म्हणाले, पोर म्हणजे भाकरी समज. अर्धं पीठ आईचं, अर्धं बापाचं. आईनं ओंजळीनं पाणी भांड्यात भरत भरत ऐकलं. मधेच हात थांबवला. "म्हंजी फुलीत एक वाटा माजा, एक तुज्या बाचा." मी म्हणाले, हो. "आन दोनी वाटं नासकं." नासकं नव्हे, वाकणारं, असं मी म्हणाले, तिनं ते ऐकल्यासारखं केलं नाही. "मंगळ्यालाबी त्येच?" हो. "आन तुला?" मला एकच. "कोनाचा?" ते कळत नाही, मी म्हणाले. खरंच कळत नाही. झऱ्यात खेकड्याचं पिल्लू होतं, तिनं ते धरून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "रत्नाचं त्यात कायबी न्हाई?" काहीही नाही. "देवाची आन?" देवाची आण. "बरं," ती म्हणाली आणि भांडं डोक्यावर घेतलं. तिचा चेहरा मोकळा झाला होता. मला वाटलं, झालं, सुटले. रत्नाकाकी वाचली. शिकले त्याचं चीज झालं, असंही मनात आलं, लपवत नाही. त्या रात्री मला पुण्यात लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली. मधून मधून उठून फुलाला पाणी पाजलं तेवढंच.

ऊन वर आलं. माणसं अंगणात येऊन बसली, पोरं धोंड्यांवर चढली. धाकलू भगत डोक्याला पंचा गुंडाळून समोर उभा राहिला. काकी आपलं गाठोडं मांडीवर घेऊन आतल्या बाजूला बसली होती आणि अजूनही एका हातानं फुलाच्या पायावरून हात फिरवत होती. मी आईच्या मागं उभी होते. मला वाटत होतं, आई म्हणेल की कुणाचं नाही, दवाखान्याचं दुखणं आहे, माझ्या पोरीनं सांगितलंय. कुणी आडवंतिडवं बोललं तर मी पुढं व्हायचं ठरवलं होतं. आई उंबऱ्यात गेली. पदर नीट केला. धाकलूनं विचारलं, "सांग बाय. कोनाचं हाय?" आई म्हणाली, "कृष्णाबाईचं." कुणाला काही कळलं नाही. आमच्यात बाई स्वतःचं नाव कधी घेत नाही; घ्यायची वेळच येत नाही. अमकीची आई, तमक्याची बायको एवढ्यावर भागतं. मागून कुणीतरी विचारलं, "कोन कृष्णाबाय गं? वरल्या वाडीची?" आई म्हणाली, "मी."

मग मी पुढं झाले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या तोंडून आमची बोली निघेना, वर्गातली मराठी निघत होती. हा आजार आहे, आनुवंशिक आहे, रक्तातून येतो, आईकडून आणि वडिलांकडून येतो, यात कुणाचा दोष नसतो. माझा आवाज चिरका झाला होता. पोरं माझ्याकडं बघून हसली. धाकलू मात्र नीट कान देऊन ऐकत होता. मी थांबले तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "म्हंजी आयकडनं आलंया?" मी म्हणाले, हो, पण. "आन बा तर मेला." हो, पण. "मंग?" तो म्हणाला, "त्येच तर ती म्हंतीया." वाडीनं माना हलवल्या. कुणी आईला शिवी दिली नाही, दगडही उचलला नाही. उलट त्यांच्या नजरेत मला आदर दिसला, आणि तोच मला सहन झाला नाही. काकी आतून धावत आली आणि आईच्या पायांवर पडली. आईनं तिला उठवलं, म्हणाली, "पाय चेपीत ऱ्हा. मला तुज्यावानी येत न्हाई." काकीनं स्वतःचं गाठोडं सोडलं, त्यातलं आईच्या मापाचं जे होतं ते काढून दिलं. आई तेवढं घेऊन निघाली. फुला आतून "आये, आये" करत होती. आईनं मागं वळून बघितलं नाही. बघायचं नसतं.

मी तिच्यामागून उतारापर्यंत पळत गेले. म्हणाले, "आये, तू गेलीस तरी तिच्या अंगातलं जात नाही गं. ते तसं नसतं." ती चालता चालता म्हणाली, "माजंच हाय न्हवं?" आहे, पण. "मंग दुसरीचं नाव कसं घिऊ? खोटं घेतलं तर पोर जाईल माजं." मी म्हणाले, "तुझा त्यात दोष नाही!" मी ओरडले असेन, कारण खाली पाण्याच्या कडेला बगळे उठले. ती थांबली, माझ्या गालावरून हात फिरवला. तळहात लाकडाचा झाला होता तिचा. "दोष न्हाई, ठावं हाय मला. तू सांगितलंस की. पन नाव माजंच हाय." मग ती घाटाच्या वाटेला लागली. खाली कोकणच्या बाजूला कोळशाच्या भट्ट्या लागलेल्या होत्या, तिथं कुणाला तू कोण म्हणून विचारत नाहीत.

आणि फुला बरी झाली. हेच सांगायचं माझ्या जिवावर आलं आहे. मी तिथं होते तेवढे दिवस तिला ऊब दिली, पाणी पाजलं, काकीनं पाय चेपले. आणि आई गेल्यावर दोनच दिवसांत सूर खाली आला, मग थांबला, मग तिनं भाकर मागितली. डॉक्टर म्हणाले होते की आपोआप ओसरतं. ते ओसरलं. वाडीनं पाहिलं. बाया येऊन फुलाच्या अंगावरून हात फिरवून गेल्या, रत्नाकाकीच्या हातात आपली पोरं देऊ लागल्या. धाकलूनं मला बोलावून सांगितलं, "तुजी आय खरी बाई. खरं नाव घ्यायला छाती लागती." मी केलेल्या शुश्रूषेनंच आईवर शिक्का मारला होता. फुलाला तेवढं सांगायचा प्रयत्न केला, की हे पुन्हा येईल, थंडी पडली की येईल, तेव्हा अंगावर घेत जा, पाणी पीत जा, कवायतीला उभी राहू नको. ती उन्हात बसून पेरू खात होती. म्हणाली, "आता कशाला यील, बाय? आये गेली की." तिच्या आवाजात दुःख होतं, पण पेरू ती खात होती. तेरा वर्षांची पोर, दुखणं गेलं होतं तिचं. तिनं आणखी काय करायला हवं होतं?

पावसाळ्याआधी मी एकदा भट्टीवर जाऊन आले. आई धुरानं काळी झाली होती, पापण्यांवर राख बसलेली. मी आणलेलं लुगडं तिनं बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं, "फुलीचं पाय?" मी म्हणाले, "परत दुखले नाहीत." खरंच दुखले नव्हते, त्या उन्हाळ्यात ती शाळेत पहिली आली होती. आई हसली. इतकी समाधानानं हसलेली आई मी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "मंग बरं झालं." परत चल म्हणायला मी गेले होते. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? तिला यायचं नव्हतं आणि वाडी तिला येऊ देणार नव्हती, आणि दोघांकडंही पुरावा होता. डॉक्टरांकडं जाऊन सगळं सांगावं, त्यांनाच वाडीत न्यावं, असं मनात येतं. तेही जाऊन हेच सांगतील: आईकडून येतं, बापाकडून येतं. धाकलू मान हलवील.

आता पाऊस गेला आहे. फुला शाळेत आहे. रत्नाकाकी झोपडीत एकटी असते. मी रात्रपाळीला असते तेव्हा खाटांच्या रांगेतून फिरते, पांघरुणं सारखी करते, पाणी देते आणि मनात हिशेब चाललेला असतो. दुखणं परत आलं तर वाडीला कळेल की आईचं नाव खोटं होतं. आई सुटेल. दुसरं कुणाचं नाव घ्यायला लावतील, तर मी तिथं असेन, मी काहीही करीन, पण आई परत येईल. त्यासाठी फुलाच्या घशातून तो सूर पुन्हा निघायला हवा. असा विचार मी करते. बहिणीचे मऊ गुडघे मला दिसतात आणि तरी करते. तिच्या जिवाला काही नको, नुसतं दुखावं, चार दिवस दुखावं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढं दुखावं. मंगळ्या असाच गेला हे मला ठाऊक आहे, आणि तरीही. हे मी कुणापाशी बोललेले नाही. काल सकाळी तोंड धुताना नळाचं पाणी हाताला गार लागलं, आणि मला बरं वाटलं.